प्रौढ वयात क्रिकेटचा आरंभ

व्यापाऱ्याचे जीवन बहुतांशी बैठे असते. सकाळी दर्शन-पूजन आटोपून दुकान उघडावे, गादीवर बसावे, आलेल्या मालाचा भाव ठरवावा, वजन-माप पाहावे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या कराव्यात आणि दिवस मावळण्यापूर्वी जेवून पुन्हा रोजमेळ मिळवीत बसावे, या क्रमात वर्षांमागून वर्षे निघून जातात. पुढे जिना चढताना धाप लागू लागते, विजारीची कंबर दर दिवाळीला शिंप्याकडून सैल करून घ्यावी लागते, आणि डॉक्टर रक्तातील साखरेचा आकडा दाखवून "जरा चालत-फिरत जा" असा सल्ला देतात. अशाच एखाद्या रविवारी शाळेच्या पटांगणाजवळून जाताना मुलांचा क्रिकेटचा डाव रंगात आलेला दिसतो. आपण क्षणभर थांबतो. चेंडू आपल्या पायाशी येतो. तो उचलून परत फेकताना खांद्यात कळ येते. तथापि मनात एक विचारही डोकावून जातो. हा खेळ आपल्याला आता शिकता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांनी बालपणी कधी बॅट हाती धरली नाही, किंवा धरली असल्यास दहावीच्या परीक्षेबरोबर ती ठेवून दिली आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या दुकानी बसले, त्यांना उद्देशून हे लिहिले आहे. उत्तर थोडक्यात असे की, शिकता येईल. परंतु काही अटींवर. त्या अटींपैकी बऱ्याच शरीराच्या आहेत, काही धर्माचाराच्या आहेत, आणि सर्वांत कठीण अट मनाची आहे.

औरादसारख्या गावी या खेळाला तोटा नाही. बिदर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा हा तालुका. एका अंगाला लातूर-नांदेड, दुसऱ्या अंगाला तेलंगण. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैद्राबाद राज्याची विभागणी झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी मुलुखात गेले आणि औराद, भालकी, हुमनाबाद हे कन्नड मुलुखात राहिले. पण मैदानावरची भाषा त्यामुळे बदलली नाही. एकाच डावात मराठीत हाक, कन्नडमध्ये सल्ला आणि उर्दूत शाबासकी ऐकू यावी, हा आपल्याकडचा नित्याचा अनुभव आहे. खेळ शिकण्यासाठी दूर जावे लागत नाही. अडचण असते ती मैदानाच्या कडेवरून आत पाऊल टाकण्याची.

थोरांची उदाहरणे आणि त्यांचा खरा अर्थ

उशिरा खेळणाऱ्यांचा विषय निघाला म्हणजे काही नावे हटकून सांगितली जातात. त्यांपैकी पहिले प्रा. दि. ब. देवधर यांचे. १८९२ साली जन्मलेले देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. १९२६ साली मुंबईत एम.सी.सी.च्या इंग्लिश संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या, तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. १९४४-४५ च्या हंगामात नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके काढली, तेव्हा त्यांचे वय बावन्न होते. एकशे एक वर्षांचे दीर्घायुष्य भोगून १९९३ साली ते निवर्तले.

दुसरे नाव विजय मर्चंट यांचे, आणि ते तर व्यापाऱ्यांना विशेष जवळचे वाटावे असे आहे. मुंबईच्या गिरणी व्यवसायातील ठाकरसी घराण्यात त्यांचा जन्म झाला. शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला असता 'व्यापारी' असे उत्तर मिळाले आणि तेच आडनाव म्हणून नोंदले गेले, असे सांगतात. १९५१ साली दिल्लीस इंग्लंडविरुद्ध ते शेवटचा कसोटी सामना खेळले. वयाची चाळीस वर्षे पूर्ण झाली होती, आणि त्या सामन्यात त्यांनी १५४ धावा काढल्या. ज्या हिंदू जिमखान्याचे ते खेळाडू होते, तो १८९४ साली उभा राहिला तोही एका व्यापारी घराण्याच्या देणगीतून. परमानंददास जीवनदास यांचे नाव त्याला आजही आहे.

तिसरे नाव आपल्या काळातील प्रवीण तांबे यांचे. १९७१ साली जन्मलेला हा मुंबईकर खेळाडू वर्षानुवर्षे कंपन्यांच्या व क्लबांच्या सामन्यांत खेळत राहिला. प्रथम श्रेणीचा एकही सामना पदरी नसताना, २०१३ साली वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांना आय.पी.एल.मध्ये संधी मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांनी तेथे लागोपाठच्या चेंडूंवर तीन गडी बाद करण्याची करामत केली.

ही उदाहरणे स्फूर्तिदायक आहेत यात शंका नाही. परंतु प्रौढ नवशिक्याने ती नीट वाचली पाहिजेत. देवधर, मर्चंट आणि तांबे यांपैकी कोणीही उशिरा आरंभ केलेला नाही. तिघेही बालपणापासून खेळत होते. देवधरांनी शरीर राखले म्हणून पन्नाशीनंतर धावा निघाल्या. तांब्यांनी वीस वर्षे सराव सोडला नाही म्हणून चाळिशीत दार उघडले. ज्याने भांडवलच गुंतवलेले नाही, त्याने दुसऱ्याच्या व्याजाकडे पाहून आपला ताळेबंद मांडू नये. चाळिशीत आरंभ करणाऱ्याला कोणत्याही संघाचे निमंत्रण येणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्वतःला सांगून टाकावे. म्हणजे पुढील सर्व आनंद निर्भेळ मिळतो.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण सापडते ते साहित्यिकांत. 'पीटर पॅन'चे कर्ते जे. एम. बॅरी यांनी १८८७ साली मित्रांचा एक हौशी संघ काढला. त्यात लेखक होते, चित्रकार होते. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांच्यासारखे चांगले खेळणारे दोन-चारच. बाकीच्यांपैकी काहींना बॅटची कोणती बाजू चेंडूला लावायची हेही आगगाडीत बसल्या बसल्या शिकवावे लागले, असे सांगतात. हा संघ सहसा हरत असे. तरी तो पंचवीस वर्षे टिकला. प्रौढ नवशिक्यांचा कुलपुरुष शोधावयाचा तर तो येथे शोधावा.

हौसेच्या खेळाला आता वयाची मर्यादाही उरलेली नाही. पन्नाशी उलटलेल्या खेळाडूंची पहिली विश्वचषक स्पर्धा २०१८ साली सिडनीस झाली, आणि साठी उलटलेल्यांची स्पर्धा २०२४ साली आपल्या चेन्नईतच भरली होती. आपल्याला तेथवर जावयाचे नाही. परंतु 'या वयात शोभते काय' असे कोणी विचारले, तर सांगण्यापुरते हे ध्यानी असावे.

शरीराची तयारी

मैदानात उतरण्यापूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदय यांची तपासणी करून घ्यावी. आपल्या समाजात मधुमेह आणि रक्तदाब यांची कुजबुज घरोघर आहे. त्याविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही. क्रिकेट हा वरवर पाहता सावकाश खेळ आहे. बराच वेळ उभे राहावयाचे आणि मग अकस्मात जीव घेऊन धावावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. प्रौढ शरीराला घातक ठरतो तो हाच अकस्मातपणा. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, कंडरांची लवचिकता कमी होते. म्हणून पोटरी, मांडीचा मागचा भाग, टाचेवरील कंडरा आणि खांदा ही चार ठिकाणे प्रथम दुखावतात.

यास्तव पहिला महिना बॅटला हात न लावता काढावा. रोज अर्धा तास झपाझप चालावे. दुसऱ्या आठवड्यापासून त्यात थोडेथोडे धावणे मिसळावे. उठाबशा, टाचा उंचावून उभे राहणे आणि खांदे गोल फिरवणे यांचा दहा मिनिटे सराव ठेवावा. दुसऱ्या महिन्यात कोणीतरी हळू टाकलेले चेंडू खेळावेत आणि जवळून टाकलेले झेल घ्यावेत. तिसऱ्या महिन्यात सहा-आठ षटकांचे छोटे डाव खेळावेत. सामन्यापूर्वी पंधरा मिनिटे अंग मोकळे केल्यावाचून कधीही धावू नये, आणि दोन सामन्यांत निदान दोन दिवसांचे अंतर ठेवावे. पोटरीत चमक भरली तर खेळ तत्काळ थांबवून विश्रांती, थंड शेक, घट्ट पट्टी आणि पाय उंच ठेवणे हे चार उपाय करावेत. छातीत दडपण आले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला अथवा घाम फुटून दम लागला, तर एवढे षटक संपू दे म्हणून थांबू नये. त्याच क्षणी बसावे आणि सोबत्यांनी दवाखाना गाठावा.

डोळ्यांविषयी एक सूचना. चाळिशीनंतर जवळचे दिसण्यासाठी चष्मा लागतो आणि पुष्कळांच्या भिंगात दूरचे व जवळचे असे दोन भाग असतात. अशा चष्म्याने पायाजवळ टप्पा पडलेला चेंडू अंधुक दिसतो. खेळासाठी केवळ दूरच्या नंबरचा, न फुटणाऱ्या भिंगांचा वेगळा चष्मा करून घ्यावा. हा खर्च बॅटीच्या खर्चापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

खेळाची पहिली पाठावली

खेळपट्टीची लांबी यष्टीपासून यष्टीपर्यंत २२ यार्ड, म्हणजे सुमारे २०.१२ मीटर असते. गोलंदाज आणि फलंदाज आपापल्या रेषेवर उभे राहिले म्हणजे त्यांच्यातील अंतर १७.६८ मीटर उरते. ताशी ८० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू हे अंतर ढोबळ मानाने ०.८ सेकंदात तोडतो. ११० किलोमीटर वेगाचा चेंडू ०.५८ सेकंदात. साध्या खुणेला प्रतिसाद देण्यासच माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात, आणि वयाबरोबर हा वेळ थोडा वाढतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नवशिक्याने वेगवान तरुण गोलंदाजासमोर पहिल्याच आठवड्यात उभे राहू नये, आणि बॅट मागे नेण्याचे काम चेंडू सुटण्यापूर्वीच पूर्ण करावे. बॅट हलकी घ्यावी. घाऊक बाजारात जड माल चांगला समजतात. येथे तो हिशेब उलटा आहे.

फलंदाजीत तीन गोष्टी पुरेशा आहेत. डोके स्थिर ठेवणे, बॅट सरळ आणणे, आणि चेंडू आपल्यापर्यंत येऊ देणे. षटकार मारण्याची हौस सर्वांनाच असते. ती वर्षभर पेटीत ठेवावी. एक-एक धाव घेणारा माणूस संघाला हवासा वाटतो.

धावा घेताना मात्र आपला व्यापारी स्वभाव आड येतो. सौद्यात विचार करून, क्षणभर थांबून, समोरच्याचा अंदाज घेऊन बोलण्याची आपल्याला सवय असते. खेळपट्टीवर तो क्षणभराचा विचारच गडी बाद करतो. 'हो', 'नाही', 'थांब' या तीन शब्दांपैकी एक मोठ्याने उच्चारावा आणि मग त्यापासून ढळू नये. प्रस्तुत लेखक आपल्या पहिल्याच सामन्यात एकही चेंडू न खेळता धावचीत झाला, तो 'हो' म्हणून अर्ध्या वाटेत मागे वळल्यामुळे.

गोलंदाजीत प्रौढाने फिरकीची वाट धरावी. प्रवीण तांबेही आरंभी मध्यमगती गोलंदाज होते आणि पुढे लेगस्पिनकडे वळले. वाढत्या वयात ही वाट टिकते. चार-पाच पावलांची धाव, सरळ खांदा आणि चेंडूवर बोटांची पकड एवढ्यावर काम भागते. हात कोपरातून झटकून चेंडू फेकण्याचा मोह टाळावा. तो नियमाविरुद्ध आहे आणि कोपराला अपायकारकही.

क्षेत्ररक्षणात मिड-ऑन किंवा मिड-ऑफसारखी मधली जागा मागून घ्यावी. तेथे चेंडू दिसतो, विचार करण्यास वेळ मिळतो आणि फार लांब फेकावे लागत नाही. झेल घेताना बोटांची टोके चेंडूकडे रोखू नयेत. ओंजळ करावी आणि चेंडूबरोबर हात मागे न्यावेत. दूरवरून यष्टीपर्यंत चेंडू फेकण्याचा पराक्रम करू जाणाऱ्याचा खांदा महिनाभर दुखतो. मधल्या गड्याकडे चेंडू पोचवणे हेही चांगले क्षेत्ररक्षणच आहे.

आपल्या आचारांशी मेळ

आता ज्या प्रश्नामुळे आपले पुष्कळ बांधव या खेळापासून दूर राहतात, तो विचारात घेऊ. क्रिकेटचा नियमित चेंडू, ज्याला मुले सीझन चेंडू म्हणतात, तो बुचाच्या गाभ्यावर लोकरी दोरा गुंडाळून त्यावर गाई-बैलांच्या कातड्याचे वेष्टण शिवून तयार करतात. त्याचे वजन १५६ ते १६३ ग्रॅमपर्यंत असते. ज्या घरात कातडी पाकीट आणि पट्टाही वर्ज्य मानतात, त्या घरातील माणसाने हा चेंडू हाती घ्यावा काय, ही शंका थट्टेने उडवून लावण्याजोगी नाही. सुदैवाने येथे तडजोड करावी लागत नाही. आपल्या भागातील बहुतेक हौशी सामने टेनिसच्या चेंडूवर होतात. तो रबराचा असून वर लोकर व नायलॉन यांचे आवरण असते. लोकरही नको असल्यास केवळ रबरी चेंडू मिळतो. बॅट लाकडाचीच असते. बूट कापडी किंवा कृत्रिम द्रव्याचे घ्यावेत. हातमोजे घ्यावयाचे झाल्यास तळव्याला कातडे नाही ना, हे पाहून घ्यावे. नवशिक्याच्या बोटांनाही हलका चेंडूच मानवतो. येथे अहिंसा आणि आरोग्य एकाच बाजूला उभी आहेत.

वेळेचा मेळ असा बसतो. पावसाळ्यात खेळू नये. मुंबईत १९४८ पासून कांगा लीग भर पावसाळ्यात खेळली जाते आणि तिचे कौतुकही होते. परंतु आपल्याला चातुर्मासाची मर्यादा आहे. ओल्या गवतात जीवजंतूंची उत्पत्ती अधिक, आणि आपली काळी जमीन चिखलाने पायाला धरून ठेवते ते वेगळेच. मूग-उडदाची आवक श्रावण-भाद्रपदात, सोयाबीनची दिवाळीच्या आगेमागे. तेव्हा दुकानातून मान वर काढण्यास फुरसत नसते. कार्तिकी पौर्णिमेनंतर आवकेचा पहिला लोंढा ओसरतो; तुरीची आवक वाढेपर्यंत जो अवकाश मिळतो, तो आरंभाला योग्य. या दिवसांत सूर्योदय साडेसहाच्या पुढे होतो. नवकारशी पाळणाऱ्यांनी सूर्योदयानंतरच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत पाणीही घ्यावयाचे नसते. म्हणून त्यांनी साडेसातनंतर पाणी आणि थोडा अल्पाहार घेऊनच मैदानात उतरावे. निर्जळी राहून धावणे ही तपश्चर्या नव्हे, अविचार आहे. उपवास, आयंबिल अथवा एकाशन असलेल्या दिवशी प्रेक्षक व्हावे. चैत्र-वैशाखात ऊन चढण्यापूर्वी खेळ उरकावा. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ, साखर व लिंबू घालून एक बाटली घरूनच न्यावी.

हल्ली विजेच्या झगझगीत प्रकाशात रात्रीचे सामने भरवण्याची चाल पडली आहे. त्यांत भोजन रात्री उशिरा होते आणि दिव्यांभोवती पतंगांचा सडा पडतो. आपल्या मंडळातर्फे कधी सामने भरवले गेले, तर ते दिवसाच व्हावेत अशी नम्र सूचना येथे करावीशी वाटते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे अवश्य आहे. सामन्याला रंग यावा म्हणून पैज लावण्याची सवय फार लवकर जडते. आज चहाची पैज, उद्या शंभर रुपयांची, आणि पुढे मोबाईलवरील सट्ट्याची. सप्त व्यसनांत द्यूताचा क्रम पहिला ठेवला आहे, तो उगाच नव्हे. भावांच्या चढउतारावर ज्याचा प्रपंच चालतो, त्याला या मोहाची वाट इतरांपेक्षा अधिक ओळखीची असते. आपल्या खेळात पैशाची पैज नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करावा आणि तो वडीलधाऱ्यांनी पाळून दाखवावा. बाप चहाची पैज लावताना दिसला, तर मुलाला मोबाईल हिसकावून घेऊन उपदेश करण्याचा त्याचा अधिकार संपतो.

सर्वांत कठीण अट

गुडघ्यांविषयी, खांद्यांविषयी लिहून झाले. परंतु प्रौढ नवशिक्याला मैदानापासून दूर ठेवणारे खरे कारण गुडघ्यात नसते. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांपैकी दुसरा त्याला अडवतो. गावात ज्याला दहा माणसे वाकून नमस्कार करतात, ज्याच्या शब्दावर लिलाव थांबतो, त्याने बारा वर्षांच्या मुलाच्या चेंडूवर त्रिफळाचीत व्हावे आणि कडेला बसलेल्या पोरांनी हसावे, हे सोसण्याची तयारी किती जणांची असते?

येथे स्वतःचा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. सेहेचाळिसाव्या वर्षी मी प्रथम बॅट धरली. मला शिकवणारा मुलगा आमच्या आडतीवर गोण्या वाहणाऱ्या एका हमालाचा. वय सतरा. त्याचे वडील मला शेठजी म्हणतात, म्हणून तोही शेठजी म्हणे. पहिले काही दिवस तो मला चुका सांगतच नसे. मी चुकीचा उभा राहिलो तरी "बरोबर आहे शेठजी", चेंडू हुकला तरी "वारा होता शेठजी". त्या महिन्यात मी काहीही शिकलो नाही. अखेर एके सकाळी मी त्याला म्हणालो, "अरे, दुकानात मी चूक झाली की तुझ्या वडिलांना सांगतो ना? इथे तू मला सांगायचे. नाहीतर मी यायचे बंद करतो." तो थोडा वेळ चेंडूकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "डोके हलते तुमचे. चेंडू टाकायच्या आधीच डोळे मिटता."

एवढ्या स्पष्ट शब्दांत माझी चूक मला कित्येक वर्षांत कोणी सांगितली नव्हती. त्याचे म्हणणे खरे होते. डोळे उघडे ठेवण्यास मला तीन आठवडे लागले. त्यानंतर मी प्रथमच चेंडू बॅटीच्या मधोमध घेतला, त्याचा तो घुमणारा आवाज ऐकला, आणि पलीकडून हाक आली, "बघा काका!" शेठजी हा शब्द त्या दिवसापासून मैदानावर मागे पडला. दुकानात तो अजून आहे. परंतु दुकानातही एक फरक पडला. गोण्या उतरवताना त्याचे वडील एकदा कमरेला हात लावून उभे राहिले, तेव्हा मी त्यांना बसावयास सांगितले. पूर्वी मला ते दिसलेच नसते, कारण मी स्वतः कधी कमरेवर भार घेतलेला नव्हता. ही गोष्ट लिहिताना संकोच होतो. वीस वर्षांत जे दिसले नाही ते एका चेंडूने दाखवले, याचे श्रेय चेंडूचे नव्हे. दोष मात्र माझाच.

मान खाली घातल्यावाचून चेंडू दिसत नाही, हे फलंदाजीचे सूत्र आहे. त्याचा दुसरा अर्थ उलगडून सांगण्याची आपल्या वाचकांना आवश्यकता नाही.

पंचाचा निर्णय चुकला तरी मुकाट्याने परत यावे. आपण वर्षातून एकदा पर्युषणानंतर सर्वांची क्षमा मागतो. 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो, 'उत्तम क्षमा' म्हणतो. मैदानावर तो प्रसंग दर रविवारी येतो. आपल्या हातून झेल सुटतो आणि कोणीतरी तरुण आपल्याला क्षमा करतो; पुढच्या षटकात त्याच्या हातून सुटतो आणि आपली पाळी येते.

कुटुंबीयांसाठी

हा लेख पुरुषांनाच उद्देशून आहे असे कोणी समजू नये. २०२५ साली भारतीय महिला संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. त्या संघाच्या उपकर्णधार स्मृती मानधना सांगलीत वाढलेल्या. आपल्या घरच्या मुलींनी आणि सुनांनी रविवारी सकाळी रबरी चेंडू हाती घेतला, तर त्यात नवल मानू नये. उलट वडील मुलीकडून बॅट धरण्यास शिकले, तर घरातील पुष्कळ बोलणी आपोआप सोपी होतील.

गृहिणींनाही एक विनंती आहे. पहिल्या महिन्यात घरधनी लंगडत परत येतील, गुडघ्याला तेल मागतील, आणि आपण काढलेल्या चार धावांचे वर्णन चाळीस धावांच्या थाटात करतील. ते ऐकून घ्यावे. ज्या गृहस्थाने वीस वर्षे घरी येऊन केवळ भाव आणि उधारी यांविषयी सांगितले, त्याच्यापाशी आता दुसरे काही सांगण्यासारखे आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या मंडळाचे पुष्कळ सभासद चाळीस ते साठ या वयोगटातील आहेत. त्यांपैकी पाच-सात जणांनी जरी यंदा कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या एखाद्या रविवारी पटांगणावर येण्याचे मनावर घेतले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल. धावा किती निघाल्या याची नोंद ठेवण्याची आवश्यकता नाही. खतावणीत मांडता येणार नाही असा हा लाभ आहे. आणि तो जमेच्याच बाजूला पडतो.